खिशातलं दीपगृह

व्हर्निस हॅडलीचं पत्र येऊन त्या सोमवारी एकोणसत्तर दिवस झाले होते, आणि एल्वुड प्रेंटिस यांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं. लिहिलं नव्हतं असं नाही. एकोणीस वेळा लिहिलं होतं. पण ‘प्रिय व्हर्निस’ फार सलगीचं वाटे, ‘श्रीमती हॅडली’ लिहिलं की वीजकंपनीची नोटीस वाटे, आणि मधलं काही त्यांना, आयुष्यभर शाळेची लायब्ररी सांभाळूनही, सुचत नव्हतं.

पत्र साधं होतं. त्यांचा नेब्रास्कातला मित्र क्लिफर्ड दोन वर्षांपूर्वी गेला, त्याची ती बायको. तिनं लिहिलं होतं, ‘क्लिफर्डची पुस्तकांची बारा खोकी पडून आहेत. ती लावायला माणूस हवा. नुसता पुस्तकांसाठीच हवा, असं मात्र समजू नका. येणार असाल तर हॅलोविनच्या आत या. नाहीतर घर विकून मी बहिणीकडे ॲरिझोनाला जाते.’ ऑक्टोबर उजाडला होता, आणि हॅलोविन महिनाअखेरीला. प्रेंटिस ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात बाळगत आणि दिवसातून दहादा खिसा चाचपत.

निवृत्तीनंतर ते मेरिलंडमधल्या एका लष्करी छावणीत कारकून म्हणून लागले होते. छावणीच्या मागच्या बाजूला, लाकडी बराकीत, एक गुप्त खातं होतं. तिथली माणसं डोळे मिटून कोचावर पडत आणि शत्रूच्या पाणबुड्या, कारखाने वगैरे बघत. सरावासाठी प्रेंटिस मासिकातून एखादं चित्र कापत, रजिस्टरमध्ये त्याचं नाव लिहीत, चित्र पाकिटात घालून लाखेनं बंद करत आणि वर नुसता आकडा टाकत. बघणाऱ्याला आकडा सांगायचा, आत काय आहे ते त्यानं सांगायचं. पाकीट फोडायचा अधिकार फक्त समितीला.

त्या सोमवारचं चित्र दीपगृहाचं होतं.

सार्जंट ड्वेन कुझ्मा कोचावर आडवा झाला. त्याला बहुतेक वेळा ‘काहीतरी धातूचं, ओलसर’ दिसे, आणि जगात धातूचं नि ओलसर बरंच काही असल्यामुळे खात्यात त्याचं नाव होतं. कर्नल ऑस्ट्रँडर प्रश्न विचारायला बसले, प्रेंटिस लिहून घ्यायला.

“धातूचं काहीतरी,” कुझ्मा म्हणाला. “ओलसर. वर-खाली होतंय. आणि एक घर. पांढरं. खिडकीत बाई आहे साहेब. वाट बघतेय.”

कर्नल पुढे सरकले. “कोणाची?”

“एका माणसाची. तो अडकलाय. छोटी खोली आहे.”

“पहारेकरी किती?”

“एकही नाही. दार तर सताड उघडं आहे.”

“मग बाहेर का पडत नाही?”

“घाबरलाय बिचारा.”

“औषध देऊन ठेवलंय त्याला!” कर्नल पुटपुटले. “प्रेंटिस, हे ठळक अक्षरांत घ्या.”

प्रेंटिसना घाम फुटला होता. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशातला कागद गुळगुळीत लागला. त्यांनी कोपरा हळूच वर काढून पाहिला. समुद्र होता. अजून थोडा वर काढला, तर दीपगृह.

मग पत्र कुठं होतं, हे सांगायला डोळे मिटायची गरज नव्हती.

कुझ्मानं शेवटी एका जनावराचं चित्र काढून दिलं. त्याला तीनच पाय होते. कर्नलांनी विचारलं, चौथा राहिला का, तर तो म्हणाला, “नाही साहेब, नाहीचे.”

दुपारी प्रेंटिस धीर करून कर्नलांच्या खोलीत गेले. “सर, ते पाकीट, त्याच्यात जरा–”

“थांबा!” कर्नल ताडकन उठले. “उघडेपर्यंत पाकिटाबद्दल एक शब्दही नको. नियम आहे. आत काय ते मला कळलं तर सगळा प्रयोग बाद. आणि मग तुम्हाला आत टाकावं लागेल.”

“पण सर, चूक–”

“एक शब्दही!”

बुधवारपर्यंत तो अहवाल वॉशिंग्टनला फिरून आला. तिथल्या जाणकारांच्या मते वर-खाली होणारा धातू म्हणजे लहान आकाराचं क्षेपणास्त्र होतं, तीन पायांचं जनावर म्हणजे रडार, आणि खोलीतला माणूस म्हणजे वसंतात पूर्व जर्मनीतून बेपत्ता झालेला आपला हेर. त्याला सोडवायला कोणत्या वाटेनं जायचं, याच्या नकाशावर पेन्सिलीच्या रेघाही पडल्या. खुद्द जनरल पेकम शुक्रवारी पाकीट फोडायला येणार असं ठरलं. प्रेंटिसनी दोन दिवस फक्त सूप घेतलं.

शुक्रवारी टेबलाभोवती आठ अधिकारी बसले. मध्ये कॉफी आणि डोनट. जनरलनी लाख फोडली, चष्मा लावला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ‘नुसता पुस्तकांसाठीच हवा, असं मात्र समजू नका’ इथं त्यांचा आवाज थोडा खाली आला. पण ते थांबले नाहीत. “‘बस्टरचा एक पाय गेला, पण भुंकतो चार पायांच्या कुत्र्याइतकं. अंगणातला पंप कुरकुरतो, तेवढीच घरात कोणाची तरी सोबत.’”

“रडार भुंकतं?” एका मेजरनं विचारलं.

 जनरलनी पत्राच्या वरचं नाव पाहिलं. “प्रेंटिस कोण?”

“मी, सर.” प्रेंटिस उभे राहिले. कान लाल झाले होते. त्यांनी खिशातून चित्र काढून टेबलावर ठेवलं. “आणि हे दीपगृह.”

“रजिस्टरमध्ये दीपगृहच आहे,” कर्नल खचलेल्या आवाजात म्हणाले. “म्हणजे गुण शून्य.”

“शून्य?” कुझ्मा उसळला. “नऊ वर्षांत पहिल्यांदा बरोबर आलंय साहेब, आणि शून्य?”

जनरल विचारात पडले. पुढच्याच महिन्यात हे खातं चालू ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. “कोणी जागेवर जाऊन खातरजमा केली तर?”

“तर गुण धरता येतील, सर,” कर्नल म्हणाले. “नियमात आहे.”

“प्रेंटिस, कधीचं पत्र हे?”

“ऑगस्टचं, सर.”

“उत्तर?”

“चालू आहे, सर.”

“अहो, याहून कमी दिवसांत मी दोन लढाया आटोपल्यात!”

“जिंकल्या, साहेब?” कुझ्मानं विचारलं.

“तो विषय नाही. प्रेंटिस, आजच्या आज उत्तर गेलं पाहिजे. हा हुकूम आहे.”

“खात्याचा उल्लेख नको हं,” कर्नल म्हणाले. “पत्र तुमचं स्वतःचं वाटलं पाहिजे.”

“माझंच आहे ते, सर.”

“छान. असंच वाटू द्या.”

प्रेंटिस टाइपरायटरपाशी बसले. उत्तर द्यायचं की नाही ते दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलं होतं, आणि बोटं आपोआप चालली. दहा मिनिटांत कागद तपासणीसाठी कर्नलांच्या पुढ्यात होता.

‘प्रिय व्हर्निस, घर पांढरं आहे का, पंप कुठल्या बाजूला, बस्टरचा कुठला पाय गेला, हे पत्रानं कळवू नका. मी स्वतः बघायला येतो. हॅलोविनच्या आत. एल्वुड.’

“‘प्रिय’ बरोबर आहे,” कर्नल म्हणाले. “संशय येणार नाही. प्रत्यक्ष पाहणी, तीही नियमाला धरून.” त्यांनी शिक्का मारला. “किती दिवस लागतील?”

“बारा खोकी आहेत, सर.”

टपालपेटी फाटकाबाहेर होती. कुझ्मा सोबत आला. प्रेंटिसनी पाकीट चिकटवण्याआधी तीनदा आत डोकावून पाहिलं. दीपगृह नव्हतं.

“मास्तर,” कुझ्मा म्हणाला, “एक सांगू? ती बाई आणि तो खोलीतला माणूस मला काही दिसलेबिसले नाहीत. दोन महिने तुम्ही खिसा चाचपताय, बराकीतल्या मांजरानंही सांगितलं असतं. पण कुत्रा मात्र खरंच दिसला हो. आईशप्पथ, मीच घाबरलो.”

 पत्र पेटीच्या फटीत अर्धं गेलं होतं. प्रेंटिसची बोटं सोडायला तयार नव्हती.

कुझ्मानं डोळे मिटले. “ती काय म्हणेल ते बघून सांगू?”

“उघडेपर्यंत पाकिटाबद्दल एक शब्दही नको,” प्रेंटिस म्हणाले. “नियम आहे.”

आणि त्यांनी पत्र सोडलं.