चित्रलेखाकाकूंना बरं नाही

भास्कर आगाशे यांनी सहलीच्या कंपनीला फोन केला तो यादीतलं एक नाव काढा, एवढंच सांगायला. नाव त्यांच्या बायकोचं होतं. चित्रलेखा ऑक्टोबरात गेली. फोनवरची मुलगी फार गोड बोलणारी निघाली.

"हाय काका! काकूंची तयारी कुठवर आलीय? मागच्या वेळी त्या विचारत होत्या, तिकडे व्हेज मिळतं का. सांगा त्यांना, मी सगळ्या हॉटेलांना कळवलंय."

"सांगतो," भास्करराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा फोन केला. या वेळी ती म्हणाली, "काकूंना खिडकीची सीट दिलीय हं, खूश होतील." भास्करराव "थँक यू" म्हणाले. मग काही त्यांनी फोन केला नाही.

दक्षिण अमेरिकेची ही सहल चित्रलेखाच्याच डोक्यातून निघालेली. सँटियागो, वाल्परायसोचा किनारा, मग लिमा, कुस्को, ब्युनोस आयरेस आणि शेवटी रिओ. बरोबर मराठी बोलणारा गाइड, सिडनी-मेलबर्नची मराठी माणसं. भास्कररावांचा सगळा जन्म कारखान्यांत मीटर बघण्यात गेला होता, शेवटची वर्षं डार्विनच्या गॅस प्लांटवर. त्यांना प्रवासाची अजिबात हौस नव्हती. "चर्चच बघायची तर इथली काय वाईट आहेत?" असं ते म्हणाले होते. त्यावर चित्रलेखाने भाजी चिरता चिरता मोबाइलवरून शिकलेलं काहीतरी स्पॅनिश त्यांना ऐकवलं होतं. ती शिवी होती की कविता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाबा, तुम्ही जाच," मेलबर्नजवळच्या टार्निटहून मुलगी, उर्वी, रोज सांगायची. "वेट सीझनच्या पावसात त्या घरात एकटे काय करणार आहात? You need people."

भास्कररावांना माणसं नको होती. पण न जाण्यासाठी कारण सांगावं लागलं असतं आणि जाण्यासाठी काहीच सांगावं लागत नव्हतं. म्हणून ते गेले.

निघायच्या दिवशी डार्विनला असं वादळ झालं की विमान धावपट्टीवर नुसतं बसून राहिलं. ते सिडनीला पोहोचेपर्यंत बाकीची मंडळी सँटियागोच्या विमानात चढून गेली होती. भास्कररावांना दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. सँटियागोच्या हॉटेलात पोहोचले तेव्हा सगळे बाहेर जेवायला गेले होते. गाइडने काउंटरवर किल्ली ठेवलीच होती. ती घेऊन ते खोलीत गेले आणि बुटांसकट झोपले. त्यामुळे आगाशे पतिपत्नींपैकी कोण आलं आणि कोण नाही, हे कोणीच पाहिलं नाही.

सकाळी ते बसमध्ये चढले तर आतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या लोकांच्या एव्हाना ओळखी झालेल्या होत्या आणि वादळात अडकलेल्या जोडप्याची सगळे वाट बघत होते. गाइड नचिकेत सिडनीच्या गिरावीनचा, तिशीचा, युनिव्हर्सिटीत स्पॅनिश शिकलेला, हसतमुख मुलगा.

"Finally, काका! आणि काकू कुठायत?"

भास्कररावांनी तोंड उघडलं. समोर हौसेने नव्या हॅट घातलेली, क्रीम चोपडलेली, आनंदी माणसं त्यांच्याकडे बघत होती. या सगळ्यांची सकाळ आता आपण नासवायची, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग हॉस्पिटलच्या दिवसांत जे वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, तेच आपोआप बाहेर पडलं.

"बरं नाही तिला."

"अरे रे," सगळी बस म्हणाली.

"प्रवासाने होतं तसं," पुढच्या सीटवरून एक बाई म्हणाल्या. या कौमुदीताई. टार्निटच्याच, गुडघ्यांनी गांजलेल्या, एकट्या आलेल्या. "पडू दे तिला आज. संध्याकाळी मी बघते."

शहरात फिरताना भास्कररावांनी ठरवलं, संध्याकाळी या बाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. पण संध्याकाळी दारावर टकटक झाली तेव्हा कौमुदीताईंच्या हातात वाफाळता वाडगा होता. त्यांनी घरून चिमुकला राइस कुकर आणि मेतकुटाची पुडी आणली होती.

"आहे का जागी?"

"अंघोळीला गेलीय."

"मग हा गरम आहे तोवर द्या तिला. मी नाही थांबत."

भास्कररावांनी दार लावलं. खोलीभर मेतकुटाचा वास सुटला. कॉटवर बसून त्यांनी सगळा भात खाऊन टाकला. ऑक्टोबरापासून त्यांना इतकी भूक लागली नव्हती. वाडगा विसळून परत द्यायला गेले तेव्हा कौमुदीताईंनी विचारलं, "कसा लागला तिला?"

"मीठ जरा कमी आहे म्हणाली."

बोलून ते स्वतःच दचकले. कारण चित्रलेखा अगदी हेच म्हणाली असती.

"कमीच घातलंय मुद्दाम, पथ्याचं म्हणून," कौमुदीताई खूश होऊन म्हणाल्या. "म्हणजे चव कळतेय तिला. बरी होतेय."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्याबरोबर जो तो काकूंची चौकशी करू लागला. रात्री झोप लागली का? ताप आहे का? त्यांना काय आवडतं? चित्रलेखा गेल्यापासून डार्विनमध्ये लोक तिचं नावच घेत नसत. भास्करराव दिसले की ते पावसाबद्दल बोलायचे. इथे मात्र बसभर माणसं तिच्याबद्दल विचारत होती आणि भास्करराव सांगत सुटले. ती आंब्याच्या झाडावरच्या वटवाघळांशी कशी भांडते, ती गाडी कशी चालवते, शेजारच्या ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याला तिने थालीपीठ कसं शिकवलं. सगळं वर्तमानकाळात. बस हसत होती. मधल्या सीटवरचा यतिन, मेलबर्नचा आयटीवाला, म्हणाला, "काका, काकू म्हणजे legend आहेत. लवकर बऱ्या करा यार त्यांना."

दुपारी मोठ्या चौकात, कॅथीड्रलसमोर सगळे ओळीने उभे राहिले आणि त्यांनी व्हिडिओ काढला. "चित्रलेखाकाकू, लवकर बऱ्या व्हा, आम्ही वाट बघतोय." तो त्यांनी भास्कररावांच्या फोनवर पाठवला. खोलीत येऊन, कौमुदीताईंनी पुन्हा दिलेला भात खाता खाता भास्कररावांनी तो पाहिला. पुन्हा पाहिला. आता मात्र सांगायलाच हवं होतं, कारण परवा सकाळी लिमाचं विमान होतं आणि विमानतळावर बायको दाखवावी लागणार होती. पण सांगायची वेळ केव्हाच निघून गेली होती. पहिल्या सकाळी ते नुसतं दुःख होतं. आता ती फसवणूक झाली होती.

तिसऱ्या दिवशी वाल्परायसोला, समुद्रावर जायचं होतं. बस सुटायच्या आधी कौमुदीताईंनी जाहीर केलं, "मी नाही येत. तिथे सगळा चढ आहे, माझे गुडघे ऐकणार नाहीत. मी चित्रलेखापाशी बसते."

भास्करराव घाईने पुढे झाले. "मग मीच थांबतो."

"काका, तुम्ही दोन दिवस नीट काही बघितलं नाहीत," यतिनची बायको सुखदा म्हणाली. ती मेलबर्नला सोशल वर्कर होती आणि काळजी घेणाऱ्यांनीही स्वतःची काळजी घ्यावी, हे तिचं रोजचं सांगणं होतं. "Carers need a break. चला."

"पण ती झोपलीय. दार उघडणार नाही."

"मग मी बाहेर खुर्ची टाकून बसेन," कौमुदीताई म्हणाल्या.

दोघातिघांनी भास्कररावांना प्रेमाने दंडाला धरून बसमध्ये बसवलं.

वाल्परायसोत डोंगरउतारावर रंगीबेरंगी पत्र्यांची घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी होती. खाली बंदर, पाण्यावर पेलिकन. नचिकेत जुन्या लिफ्टची गोष्ट सांगत होता. डोंगर चढणाऱ्या लाकडी खोलीसारख्या त्या लिफ्टसमोर सगळे रांगेत उभे असताना त्याचा फोन वाजला. तो ऐकत गेला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"कौमुदीताईंचा फोन," तो म्हणाला. "आतून काहीच आवाज येईना, म्हणून त्यांनी हॉटेलकडून दार उघडून घेतलं. काका, काकू खोलीत नाहीयेत."

लगेच सगळे बसमध्ये बसले आणि बस परत फिरली. परक्या शहरात एक आजारी बाई एकटीच कुठेतरी निघून गेलीय, या विचाराने कोणाचं बाहेरच्या समुद्राकडे लक्षही गेलं नाही. भास्करराव उठून नचिकेतपाशी गेले.

"नचिकेत, ऐक. ती हॉटेलात नाहीये."

"हो काका, कळलं ते. आपण शोधू."

"तसं नाही. ती हॉटेलात नव्हतीच."

नचिकेत वळून बघत राहिला. "नव्हतीच? म्हणजे रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा नाही."

"Oh my God," नचिकेत म्हणाला आणि त्याने हॉटेलला फोन लावून काकू काल रात्रीपासून बेपत्ता असल्याचं कळवलं. हॉटेलने पोलिसांना कळवलं. मग नचिकेतने नियमाप्रमाणे घरच्यांचा नंबर काढला आणि तिकडेही निरोप ठेवला. भास्करराव मध्ये बोलू पाहत होते, पण तो सारखा फोनवरच होता.

"ती सापडायची नाही रे," अखेर ते म्हणाले.

"काका, असं negative नाही बोलायचं," सुखदा म्हणाली. मग ते जागेवर जाऊन बसल्यावर ती हलक्या आवाजात यतिनला म्हणाली, "किती शांत आहेत बघ. मी असे नवरे ऑफिसात बघते. मला हे बरोबर वाटत नाही." बसमध्ये इतकी शांतता होती की ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू गेलं. त्यानंतर भास्कररावांच्या शेजारचा गृहस्थ उठून दुसरीकडे जाऊन बसला.

हॉटेलच्या लॉबीत एक तरुण पोलीसबाई आणि तिचा सहकारी उभे होते. कौमुदीताई सोफ्यावर बसून डोळे पुसत होत्या. "मी नुसतं दार वाजवत बसले," त्या सांगत होत्या. "आधीच उघडून घ्यायला हवं होतं. आत बघते तर एकच टूथब्रश, एकाच माणसाचे कपडे. सामान घेऊन गेली हो ती."

पोलीसबाई विचारत होती, नचिकेत मराठीत सांगत होता. बसमधले सगळे भोवती गोळा झाले होते.

"वय?"

"सहासष्ट."

"फोटो आहे का?"

भास्कररावांनी फोनमधला फोटो दाखवला. घरामागच्या अंगणात हातात झारी घेतलेली, कॅमेऱ्यावर वैतागलेली चित्रलेखा. सगळ्यांनी माना पुढे करून तो पाहिला. तीन दिवस जिच्या गोष्टी ऐकल्या, तिला ते पहिल्यांदाच बघत होते.

"शेवटचं कधी पाहिलंत तिला?"

भास्कररावांनी फोन खिशात ठेवला.

"ऑक्टोबरात," ते म्हणाले. "डार्विनला, हॉस्पिटलात. दुपारची वेळ होती. मी चहा आणायला गेलो होतो, पण परत आलो तेव्हा होती. नंतर गेली."

नचिकेतने सवयीने स्पॅनिशमध्ये सुरुवात केली आणि दोन शब्दांनंतर तो थांबला. पोलीसबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो हळू आवाजात काहीतरी बोलला. तिने डोक्यावरची टोपी काढली.

सुखदा जमिनीकडे बघत होती. मग कौमुदीताईंनी विचारलं, "आणि भात?"

"मी खाल्ला."

"दोन्ही दिवस?"

"हो."

"आणि मीठ कमी आहे, ते कोण म्हणालं?"

"ती म्हणाली असती," भास्करराव म्हणाले. "मला माफ करा. मला सांगताच येईना. तुम्ही सगळे इतकं विचारत होतात तिच्याबद्दल."

कौमुदीताई आता आपल्याला वाट्टेल ते बोलतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी तयारीही ठेवली. पण कौमुदीताईंचा चेहराच वेडावाकडा झाला आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. "मला वाटलं होतं, रिओपर्यंत मैत्रीण होईल माझी," त्या म्हणाल्या. ते ऐकून आणखी दोघी रडू लागल्या. यतिनने तोंड फिरवून गॉगल लावला. सुखदा पुढे आली, "काका, I'm so sorry, मी काय काय म्हणाले," एवढंच तिला बोलता आलं. मघाशी शेजारून उठून गेलेला गृहस्थ खांबाला टेकून नाक शिंकरत होता.

भास्करराव गोंधळून गेले. डार्विनला लोक त्यांचं सांत्वन करून गेले होते आणि त्यांनी ते निमूट करून घेतलं होतं. उलट बाजूचा अनुभव त्यांना नव्हता. त्यांनी कौमुदीताईंना पाणी आणून दिलं. "फार त्रास नाही झाला तिला," ते एकेकापाशी जाऊन सांगू लागले. "आठ-दहा दिवसच होती हॉस्पिटलात. शेवटपर्यंत माणसं ओळखत होती. नका हो असं करू, बसा तुम्ही." नचिकेतच्या पाठीवरून हात फिरवून ते म्हणाले, "तुझी काही चूक नाही रे. तू छान गाइड आहेस."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. टार्निटला जेमतेम उजाडत होतं. नचिकेतचा निरोप ऐकून उर्वी अंथरुणातून उठली असावी.

"बाबा? कुणीतरी voicemail ठेवलाय, की आई हरवलीय. What is going on?"

"काही नाही गं. चुकून झालं. माझ्यामुळेच झालं."

"आणि तिकडे रडतंय कोण?"

"बसमधली माणसं."

"का?"

भास्कररावांनी लॉबीभर नजर फिरवली.

"त्यांना आत्ताच कळलं ना," ते म्हणाले. "तुझी आई गेली ते."

आईच्या दिवसांतही हे वाक्य बाबांच्या तोंडून उर्वीने ऐकलं नव्हतं. मग टार्निटला तीही रडायला लागली. भास्करराव फोन कानाशी धरून "उर्वी, अगं, उर्वी" म्हणत उभे राहिले. दुसऱ्या हाताने ते कौमुदीताईंचा खांदा थोपटत होते.

पोलीसबाईने काउंटरवरचा टिश्यूचा डबा उचलला. या एवढ्या रडणाऱ्या माणसांतून कोणाला आधी द्यावा, म्हणून ती क्षणभर थांबली. मग सगळ्यांना ओलांडून ती भास्कररावांसमोर आली आणि तिने तो त्यांच्यापुढे धरला. मला कशाला, असं ते म्हणणार होते. पण त्यांना समोर धरलेला डबाच नीट दिसेना.