आज तिथं, उद्या इथं

टीव्हीवर मालिका सुरू व्हायची वेळ झाली की आमच्या यमुनाबाई पायात चप्पल घालून बसतात. मालिकेत काही वाईट झालं तर लगेच उठून धावता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी मुलींच्या बालगृहात स्वयंपाक करते. नागपूरच्या अगदी टोकाला आहे ते. ज्या मुलींना आईवडील नाहीत, किंवा आहेत पण सांभाळायची सोय नाही, त्या इथे राहतात आणि जवळच्या शाळेत जातात. यमुनाबाई त्यांच्या मावशी. वेण्या घालणं, भांडणं सोडवणं, तापात उशाशी बसणं, हे सगळं त्यांच्याकडे. त्या राहतातही तिथेच, कोठीच्या बाजूच्या खोलीत. दिवाळीत बालगृहाच्या मॅडम सुट्टी देतात, तरी कुठे जात नाहीत.

संध्याकाळी मुलांच्या चॅनेलवर एक मालिका लागते. तीही अशाच एका घराची आहे. त्यात मुलं, मुली, त्यांची एक गोरीपान मॅडम. आमच्या मुली जेवण सोडतील, पण ती मालिका सोडणार नाहीत. यमुनाबाई त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि टीव्हीतल्या माणसांना रागावतात.

"केस मोकळे सोडून झोपतात ह्या पोट्ट्या! उवा होत नाहीत का यांले?"

"पांढऱ्या चादरी पाहा. अन् धुते कोण? दिसली का एक तरी धुणारी?"

मुली म्हणतात, "मावशी, ऐकू द्या ना." मग त्या तोंडाला पदर लावतात. पण त्यांचे पाय चपलेत हलत असतात.

कारण यमुनाबाईंची एक पक्की समजूत आहे. मालिकेतल्या घरात जे होतं, ते दुसऱ्या दिवशी आमच्या घरात होणार. "आज तिथं, उद्या इथं," असं त्या म्हणतात. हे म्हणताना त्यांचा आवाज खाली जातो. तो आवाज ऐकला की माझी तव्यावरची पोळी करपते.

मी नवीन होते तेव्हा मालिकेत एक मुलगा भिंतीवरून उडी मारून पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आमच्या मागच्या भिंतीवर बाभळीच्या काटेरी फांद्या. यमुनाबाईंनी पहाटेच आणून लावल्या होत्या. आमच्याकडून कोणी पळालं नाही. पण दुपारी कढीपत्ता तोडायला त्याच गेल्या आणि त्यांचंच लुगडं काट्यात अडकलं. सोडवायला मला जावं लागलं. तेव्हाही म्हणतात, "पाहिलं वं कुंदा? मी अडकली. पोट्टी असती तं?"

एकदा मालिकेतल्या स्वयंपाकघरात आग लागली. त्यांनी माझ्या गॅसजवळ रेतीची बादली आणून ठेवली. आग काही लागली नाही. मांजरीची मात्र सोय झाली. मी तसं भीत भीत सांगितलं, तर मलाच म्हणाल्या, "तुले मांजर दिसते. मले आग दिसते."

मग मालिकेत एका मुलीचं पोट दुखायला लागलं आणि तिचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी जेवणं झाल्यावर यमुनाबाईंनी सगळ्या मुलींना ओळीनं निजवलं आणि पोटं दाबली. "इथं दुखते का? इथं?" उषा नावाची मुलगी म्हणाली, दुखते. तिचा गणिताचा पेपर होता दुसऱ्या दिवशी. पण यमुनाबाईंनी मॅडमना गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी सांगितलं, बोरं खूप खाल्लीत. यमुनाबाई विजयी चेहऱ्यानं परत आल्या. "दुखलं का नाही? मंग!"

अशा माणसाला हसावं असं कोणालाही वाटेल. मीही मनात हसायची. पण भीती अशी असते की रोज बाजूला बसली तर अंगाला लागते. हळूहळू मीही भाजी चिरता चिरता दारातून मालिका पाहायला लागले. तिथे कोणी पडलं की इथला ओटा पुसून कोरडा करायला लागले.

आता राणीचं सांगते. राणी आमच्याकडे येऊन थोडेच दिवस झाले होते. दुसरीतली मुलगी. तिची आई कळमेश्वरला कारखान्यात कामाला जाते. नवरा गेल्यावर मुलीला एकटी खोलीत ठेवायची भीती वाटली, म्हणून इथे आणलं. आमच्याकडे महिन्यात एक रविवार भेटीचा असतो. त्या दिवशी घरची माणसं येतात, गेटजवळच्या बाकांवर बसतात, मुलींना खाऊ देतात. राणीच्या आईनं फोनवर सांगितलं होतं, येते. राणीनं ते सगळ्यांना सांगितलं. मला तर रोज सांगायची. "ताई, माही आई येऊन राहिली रविवारी. तिच्यासाठी चहा ठेवसान?"

मी म्हणायची, ठेवीन. आणि मला भीती वाटायची. कारण येते म्हणणारी सगळीच माणसं येत नाहीत, एवढं मला तिथे वर्षभरात सोमवारचे मुलींचे चेहरे पाहून कळलं होतं.

त्याच आठवड्यात मालिकेतही भेटीचा दिवस आला. शुक्रवारच्या भागात टीना नावाची मुलगी नवा फ्रॉक घालून खिडकीत बसली. आईची वाट पाहत होती. सगळ्यांच्या आया आल्या, तिची येईना. तिथेच भाग संपला. पुढचं उद्या.

मुली हळहळल्या. राणी नुसती टीव्हीकडे पाहत राहिली. जाहिरात लागली तरी पाहत राहिली.

मी यमुनाबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता तेच वाक्य म्हणणार. पण त्या दुसरंच बोलल्या. मुलींना नाही, मला. स्वयंपाकघरात येऊन, हळू.

"या मालिकावाल्यायले काही मालूम नाही वं. अशी पोट्टी खिडकीत नाही बसत. खिडकीत बसलं तं सगळ्यायले दिसते का वाट पाहून राहिली. ती पायरीवर बसते. चपलेचा पट्टा नीट करून राहिली असं दाखवते."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला कसं माहीत?"

"कणीक भिजव," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी मी कणकेच्या पिंपात हात घातला आणि हाताला काहीतरी पातळ, कडक लागलं. काढून पाहिलं तर टीव्हीच्या डब्यातलं कार्ड. कणकेनं माखलेलं.

मी तशीच उभी राहिले. तेवढ्यात यमुनाबाई आल्या. जणू पिंपावर नजर ठेवूनच होत्या.

"सापडलं का तुले? ठेव परत."

"बाई, मॅडम रागावतील."

"रागावू दे. आजचा भाग राणीनं पाहाचा नाही. आज तिथं नाही आली तं उद्या इथं..." त्यांनी तोंडासमोर हात धरला, जसं वाक्य बाहेर सांडेल.

बाहेर मॅडमची चाहूल लागली. मी घाईत ते कार्ड पदराच्या टोकाला बांधलं आणि कणीक मळायला लागले.

संध्याकाळी टीव्ही लावला तर पडद्यावर नुसतं 'कार्ड घाला' असं येत होतं. मुलींनी घर डोक्यावर घेतलं. मॅडमनी केबलवाल्याला बोलावलं. तो डबा उलटा करून पाहतो, मागे पाहतो. यमुनाबाई त्याच्या बाजूला उभ्या राहून विचारतात, "उंदीर नेत असन का गा?"

"मावशी, उंदीर कार्ड काहून नेईन?"

"त्यालेबी पाहाची असन मालिका."

मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. "कुंदाताई, तुम्ही पाहिलं का कार्ड कुठे?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. खोटं तर अजिबात येत नाही, आणि खरं बोलायलाही धीर लागतो. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. मॅडमनाही कळलं नसावं. कंटाळून गेल्या. माझ्या पदराची गाठ मात्र निखाऱ्यासारखी कमरेला लागत होती.

त्या भागात टीनाची आई आली की नाही, मला आजही माहीत नाही. कोणाला विचारायची भीती वाटते.

रविवारी मला सुट्टी असते. दिवसभराचा स्वयंपाक सकाळीच करून मी घरी जाते, म्हणून भेटीचा दिवस मी कधी पाहिलाच नव्हता. त्या रविवारी मात्र पाय निघेना. साडी बदलली तरी कार्ड पुन्हा पदरालाच बांधलं होतं, परत ठेवायचा धीर होत नव्हता. मी स्वयंपाकघरातच राहिले, राणीच्या आईचा चहा ठेवायचा म्हणून.

माणसं यायला लागली. कोणाची आजी, कोणाचा मामा. गेटवरचे रामभाऊ प्रत्येकाला विचारत होते, कोणाले भेटाचं आहे, आणि आत वळून हाक देत होते, "उषा, तुझी भेट आली!" मुली धावत होत्या. बाक भरले. चिवड्याच्या पुड्या फुटल्या, सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास पसरला.

राणी पायरीवर बसली होती. चपलेचा पट्टा काढत होती, लावत होती.

मी चहाचं पाणी ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. यमुनाबाईंना शोधलं तर त्या कुठेच नाहीत. मला राग आला. टीव्ही बंद करता येतो, पण इथे पायरीवर बसलेली पोर पाहवत नाही म्हणून खोलीत जाऊन लपल्या असतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात गेटमधून एक बाई आत आली. पोपटी रंगाचं, काठाचं लुगडं. तोंडाला पावडर. खांद्याला पर्स, हातात संत्र्यांची पिशवी. मी दोनदा पाहिलं. यमुनाबाई! मागच्या दारानं जाऊन, गल्लीला वळसा घालून, पुढच्या गेटनं आल्या होत्या.

रामभाऊ त्यांना रोज पाहतात. सकाळीच त्यांच्याशी भांडले होते. पण उठून उभे राहिले.

"कोणाले भेटाचं आहे बाई?"

"राणीले."

"नातं?"

"मोठी आई. हिच्या आईची मोठी बहीण."

रामभाऊंनी आत वळून हाक दिली. "राणी, तुझी भेट आली!"

राणीनं पट्टा सोडला. आधी धावली, मग पाहून थांबली. मला वाटलं आता रडते. पण यमुनाबाई बाकावर बसून लांबच्या प्रवासाहून आल्यासारख्या पदरानं वारा घेत होत्या. "काय गर्दी वं सीताबर्डीले! बस भेटता भेटेना. ये, बस. जेवते का नीट? कोणी मारत तं नाही?"

राणी म्हणाली, "मावशी, तू तं इथंच राहते. मंग बाहेरून काहून आली?"

"भेट बाहेरूनच येते. आतल्या माणसाले कोणी भेट म्हणते का?"

राणीनं थोडा विचार केला आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली.

मला वाटलं मोठ्या मुली हसतील. एकही हसली नाही. दहावीतली संगीता माझ्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "ताई, मी नवी होती तेव्हा माही भेट बी मावशीच आली होती. हेच लुगडं."

मग तिनंच सांगितलं. यमुनाबाई लहानपणी अशाच एका घरात होत्या. त्यांच्याकडे कधी कोणी आलं नाही.

भेटीची वेळ संपत आली होती, रामभाऊ गेट ओढत होते, तेव्हा एक बाई धापा टाकत आली. कारखान्याचीच साडी अंगावर. जादा पाळी लागली म्हणून उशीर झाला, असं ती रामभाऊंना सांगत होती. पण राणीची हाक तिच्याही वरून गेली. "आई!"

रामभाऊ म्हणाले, वेळ संपली. यमुनाबाईंनी बसल्या जागेवरून असा आवाज टाकला की गेट पुन्हा उघडलं. गेटचं कुलूप दिवसातून चारदा ओढून पाहणाऱ्या त्या. बाक मायलेकींना दिला, संत्र्याची पिशवी राणीच्या हातात दिली, एक संत्रं स्वतःला ठेवलं आणि लांबच्या बाकावर जाऊन बसल्या. मी चहा नेऊन दिला. राणीची आई रडत होती आणि राणी तिला मालिकेची गोष्ट सांगत होती.

यमुनाबाई तिकडे एकट्या. त्या पोपटी लुगड्यात, पर्स मांडीवर घेऊन. संत्रं सोलत नव्हत्या, नुसतं हातात फिरवत होत्या.

मला काय झालं माहीत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, हात धुतले, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. गल्लीतून जाताना दोनदा वाटलं, परत जावं. लोक काय म्हणतील. तरी गेटशी येऊन उभी राहिले.

रामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "कोणाले भेटाचं आहे बाई?"

"यमुनाबाईंना," मी म्हणाले.

नातं त्यांनी विचारलं नाही. आत वळून मोठ्यानं हाक दिली. "यमुनाबाई, तुमची भेट आली!"

त्यांच्या हातातलं संत्रं थांबलं. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कोणी यमुनाबाई आहे का म्हणून. मग मला पाहिलं. मी जाऊन बाजूला उभी राहिले. भेटीला रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून पदराची गाठ सोडली आणि कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. अजून त्याला कणीक होती.

त्यांनी ते पर्समध्ये टाकलं. बराच वेळ पर्सची चेन लावत राहिल्या. मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मागचं दार लावून आली का वं?"

दार उघडंच राहिलं होतं. गॅसवर दूधही होतं. मी घाबरून वळले.

"राहू दे," यमुनाबाई म्हणाल्या आणि बाकावर सरकून जागा केली.