हरलेल्या तिकिटांचं पोतं

केशवरावांनी आयुष्यात लॉटरीचं एकच तिकीट घेतलं, तेही सुट्ट्या पैशांअभावी. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं फुलांचं दुकान. शेजारच्या लॉटरीवाल्या गयासुद्दीनने हार नेला आणि कमी पडलेल्या पैशांऐवजी तिकीट पुढे केलं. त्याला लाखाचं बक्षीस लागलं. तीस हजार आयकर कापून सत्तर हाती आले.

सत्तर मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकला. मग तीस गेल्याचं दुःख सुरू झालं.

"वापस भेटतात ते, मामा," भाचा जीवन म्हणाला. जीवनला मोबाइलवर सगळं सापडत असे. "हरलेले पैसे दाखवाचे. जिंकलेल्यातून वजा होतात."

"पन मी हरलोच कुठी?"

"लोकं हरतात ना. तिकिटावर कोनाचं नाव असते काय?"

केशवरावांना हे पटलं नाही. पण तीस हजार त्याहून पटत नव्हते. पहाटे फुलं आणायला जाताना ते लॉटरीच्या दुकानापुढे नालीकाठी फेकलेली तिकिटं वेचू लागले. शेवंतीचं एक रिकामं पोतं हळूहळू भरलं. गावात बोभाटा नको म्हणून ते एसटीने अमरावतीला नेलं. तिथे गीतांजली मॅडम लोकांचे आयकराचे कागद भरून देत.

मॅडमनी पोत्यात डोकावलं. "काका, लॉटरीत हरलेला एक रुपयाही वजा होत नाही."

"भाच्यानं वाचलं ना पन." केशवरावांनी जीवनने पाठवलेलं पान मोबाइलवर दाखवलं.

"हा अमेरिकेचा कायदा आहे."

केशवरावांनी ते पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तिकडून भरता नाई येनार काय?"

"नाही. आणि ही सगळी तिकिटं तुमचीच आहेत ना?"

केशवरावांना एकदम एसटीची वेळ आठवली.

तिकिटं वाटेत फेकावी तर कोणी पाहील, म्हणून पोतं घरी परत आलं. घरी त्यांच्या लेकीच्या, मोनालीच्या सासूबाई दर्यापूरहून आल्या होत्या. पोतं पाहून केशवरावांच्या पत्नी माणिकबाई खुलल्या. "इहीनबाई, थांबा, ताज्या शेवंतीची वेनी करून देतो," म्हणत त्यांनी ते बैठकीतच उलटं केलं.

विहीणबाईंनी पाय वर घेतले.

"एकच तिकीट घेतलं म्हनत होते ना?" माणिकबाईंनी विचारलं.

"एकच घेतलं."

"मंग हे?"

"लोकायचे आहेत."

"लोकायचे तिकिटं तुमच्या पोत्यात काहून?"

केशवरावांनी तोंड उघडलं आणि विहीणबाईंकडे पाहिलं. नालीकाठचे कागद वेचणारा व्याही, हे दर्यापूरला कळलं की पोरीला जन्मभर ऐकावं लागणार. जुगारी माणूस निदान सुधारू तरी शकतो.

"खेयत होतो," ते खाली मान घालून म्हणाले.

माणिकबाई रडल्या. विहीणबाईंनी त्यांना पाणी दिलं. पुन्हा तिकिटाला हात लावणार नाही अशी गजानन महाराजांची शपथ केशवरावांनी लगेच घेतली. इतक्या चटकन सुटका होईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि ती झालीही नाही. एवढी जुनी सवय एका दमात सोडली, याचं विहीणबाईंना फार अप्रूप वाटलं. दर्यापूरच्या महिला मंडळाचा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम त्यांच्याच हाती होता. त्यांनी केशवरावांना प्रमुख वक्ते म्हणून बोलावलं.

नाही म्हणायला कारण नव्हतं. केशवराव धुतलेलं धोतर नेसून माणिकबाईंसोबत गेले आणि जमेल तेवढं बोलले. शेवटी गर्दीतून एक बाई उठली. तिचा नवरा शेजारी मान खाली घालून बसला होता.

"काका, सोडताना लय तरास झाला असन ना तुमाले?"

केशवरावांनी विचार केला. आज पहिल्यांदा कोणीतरी असं विचारलं होतं, ज्याचं खरं उत्तर देता येत होतं.

"नाई," ते म्हणाले. "मले काईच नाई झालं."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

"याले म्हनतात निर्धार," विहीणबाई माणिकबाईंच्या कानात म्हणाल्या.