टोपाचा मालक

शेणव्याच्या पुढच्या त्या पाड्यावर कॉम्प्युटर कळणारं एकच माणूस होतं, आणि ते अकरावीत शिकत होतं. हे रंजना स्वतःच सगळ्यांना सांगायची, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. शहापूरला भरत सरांच्या क्लासला जायला लागून तिला जेमतेम वर्ष झालं असेल. पण तिचं बोलणं ऐकून वाटावं, मोठमोठ्या कंपन्यांचं काही अडलं की त्या हिच्याच दारात येऊन बसतात!

बारावी झाली की कल्याणला मावशीकडे राहायचं आणि कॉम्प्युटरच्या कॉलेजात जायचं, हे तिचं ठरलेलं होतं. ठरायचं राहिलं होतं ते तिच्या बाचं, यमाजीचं. "त्या पेटीचा पाड्याला काय उपेग हाय, तेवढा एकदा दाखव. मंग जा कल्याणला," एवढंच तो म्हणायचा आणि शेताकडे निघून जायचा.

तो उपयोग दाखवायची संधी पाड्यावरच्याच विठूच्या लग्नाने आणली.

पाड्यावर लग्न निघालं की घरोघरचे टोप, पराती, तांबे मांडवात जमा व्हायचे. जेवणं उरकली की बाया ते राखेने घासून एका ढिगात पालथे घालायच्या, आणि तिथून पुढे खरी धमाल सुरू व्हायची. प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं असतं हे खरं. पण राखेने घासून घासून 'भिमी'मधला फक्त 'भ' उरतो, आणि बाकीची जागा भांडणाला मोकळी राहते. मागच्या लग्नातल्या एका परातीवरून कमळाबाई आणि भिमी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या होत्या. एकाच पंपावर रोज पाणी भरायच्या आणि तरी बोलायच्या नाहीत. एवढा संयम साधूंनाही जमत नसेल!

रंजनाने बेत आखला. पाड्यावरच्या सगळ्या घरांची नावं कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी अक्षरांत भरायची. भांड्यावरची जेवढी अक्षरं वाचता येतील तेवढी टाइप करायची आणि झिजलेल्या जागी एक टिंब, एक चांदणी टाकायची. त्या साच्यात यादीतलं कुठलं नाव बसतं ते कॉम्प्युटरने शोधून सांगायचं. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, असं तिने आईला समजावून सांगितलं. तिची आई तानी 'बरा' म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

अडचण एकच होती. रंजनाला येत होती जावा, आणि त्या काळच्या जावात ही शोधायची सोयच नव्हती. सरांकडे एका फ्लॉपीवर ती सोय तयार होती, पण सी भाषेतली. सी म्हणजे मुठीशिवायचा कोयता. काम झटक्यात होतं, पण कुठे धरलंय ते विसरलं की बोट गेलंच. जावा म्हणजे विळी. पाय दाबून बसा, सावकाश चिरा, रक्त निघायचं नाही. म्हणून सीच्या कोयत्याला जावाची मूठ बसवायची, म्हणजे वरून कोणी कसंही वापरलं तरी कापायला नको, असं सरांनी सुचवलं.

"एक ध्यानात ठेव," सर म्हणाले. "सीमध्ये मेमरी मागून घेतलीस की परत तूच करायची. जावासारखं कोणी तुझ्या पाठीमागून उचलत येत नाही. आणि एकदा परत केलेली पुन्हा परत करायला जाऊ नकोस."

रंजनाला हसू आलं. हे तर शेजारच्या घरून टोप आणण्यासारखं झालं! आणला की पोचवायचा, आणि पोचवलेला पुन्हा पोचवायला कोण जातं? एवढंसं कळायला शहरातली पोरं म्हणे महिने घालवतात. तिची मूठ अशी चपखल बसली की कॉम्प्युटर एकदाही गोठला नाही.

फक्त एकाच ठिकाणी घोडं अडलं. यादीत नसलेलं नाव शोधलं की सी 'नाही' म्हणायची, मूठ रिकामंच उत्तर जावाकडे द्यायची, आणि ते रिकामं हातात पडताच अख्खा प्रोग्राम धाडकन आडवा व्हायचा. रंजनाने खूप डोकं खाजवलं. संध्याकाळी घरी आली, तेव्हा आई कमळाबाईचा डबा परत द्यायला निघाली होती. जाता जाता तिने डब्यात मूठभर तांदूळ टाकले.

"कशाला गो, आये?"

"रिकामा डबा देतात काय परत? बरा नाय दिसत."

रंजना जागच्या जागी थबकली. अगदी बरोबर! रिकामं परत द्यायचंच नाही! दुसऱ्या दिवशी तिने लिहून टाकलं: काही सापडलं नाही, तर यादीतलं पहिलं नाव उत्तरात घाल आणि दे. प्रोग्राम एकदम शहाण्यासारखा चालायला लागला. बंद पडत नाही ना, असं सरांनी विचारलं. नाही पडत, असं तिने सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. आता यादीतलं पहिलं नाव कोणाचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही. यादी रंजनाने केली होती. सुरुवात माणूस आपल्याच घरापासून करतो.

विठूच्या लग्नात सरांनी क्लासचा कॉम्प्युटर जीपमधून आणला आणि लाउडस्पीकरवाल्याच्या जनरेटरवर लावला. नवरीपेक्षा त्याच्याभोवतीच गर्दी जास्त! पहिलीच आली ती परात, कमळाबाई-भिमीची. रंजनाने 'भ'ची इंग्रजी अक्षरं टाइप केली, पुढे टिंब आणि चांदणी टाकली, आणि पडद्यावर इंग्रजीत उमटलं: भिमी. कमळाबाईने पडद्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं आणि परात भिमीपुढे सरकवली. माणसाशी भांडता येतं, काचेशी कसं भांडणार? मागे उभा राहिलेल्या यमाजीने टोपी नीट केली. रंजनाला कल्याणचं कॉलेज मांडवातूनच दिसायला लागलं.

मग भांडी धडाधड सुटायला लागली. पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करायची, पुढचं वाचत बसायला वेळ कोणाला! हे सावळीचं, हे पंढरीचं, हे यमाजीचं. हे पण यमाजीचं. हा तांबा यमाजीचा, ही किटली यमाजीची. आपल्याकडे किटली कधी होती, हे रंजनाला आठवेना. पण कॉम्प्युटर कशाला खोटं सांगेल? पोरी उचलायच्या आणि तिच्या घरी नेऊन ठेवायच्या.

संध्याकाळी ती विजयी वीरासारखी घरी आली, तर पाय ठेवायला जागा नव्हती. ओटा भांड्यांनी भरला होता, अंगण भरलं होतं, कोंबड्या कुंपणावर चढून बसल्या होत्या, आणि मधोमध आई एका परातीवर टेकली होती, कारण बसायला दुसरं काही मोकळं नव्हतं.

"गो बाय, आपला परत लगीन लागलाय का?" आईने शांतपणे विचारलं.

तेवढ्यात यमाजी आला आणि त्याच्या मागोमाग कमळाबाई. तिने अंगणभर नजर फिरवली. "यमाजी, पोरीला शिकवलास ता बरा केलास," ती म्हणाली. "बसल्या जागी दुकान काढलान तुला. यातला तो टोप माझा हाय. माझ्या मामानं दिलेला."

रंजनाने टोप उचलून उजेडात धरला. 'देवजी, आटगाव, यांजकडून भेट.' शेजारचा तांबा उचलला, त्यावर मुरबाडच्या कोणा आत्याचं नाव. किटलीवर कोणाचा तरी भाऊ. पाड्यावरची निम्मी भांडी लग्नात आलेली; त्यांच्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं! देवजीमामा तिच्या यादीत नव्हता, मुरबाडची आत्या नव्हती, आणि जो जो यादीत नव्हता, त्याचं भांडं, उत्तर रिकामं जाऊ नये म्हणून, तिने स्वतःच्या घरी पाठवलं होतं.

तिने बाला सगळं सांगून टाकलं. कमळाबाईसमोरच सांगितलं, कारण कमळाबाई जागची हलत नव्हती. यमाजीने ऐकून घेतलं. रागावला नाही, हेच जास्त भीतीचं होतं.

"सकाळी पोचवू," एवढंच म्हणाला.

पण सकाळी तानी तांदळाच्या कणगीपाशी जाऊन उभी राहिली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं? तिच्या हयातीत ते होणार नव्हतं. प्रत्येक टोपात, तांब्यात, किटलीतसुद्धा मूठ मूठ तांदूळ पडले. यमाजी कणगीकडे बघत होता आणि कणगी खाली खाली जात होती. मग बाप-लेक घरोघर निघाले. बाया आपापली भांडी ओळखून घ्यायच्या, तांदूळ बघून खूश व्हायच्या, चहा द्यायच्या. भांडण म्हणून कुठे झालं नाही. उलट पंपावर कमळाबाई आणि भिमी पदर तोंडाला लावून एकमेकींशी बोलत होत्या. यमाजीच्या घरच्या दुकानाबद्दल बोलत होत्या, पण बोलत होत्या!

वाटेत यमाजी थांबला. "उपेग झाला म्हणायचा," तो म्हणाला. "जा तू कल्याणला. तिथून तरी आपल्या ओट्यावर भांडी यायची नायत."

रंजना मांडवाकडे धावतच सुटली. जीप यायची होती, कॉम्प्युटर आणि जनरेटर अजून तिथेच होते. तिने झटक्यात मूठ दुरुस्त केली. आता नाव मिळालं नाही तर सरळ सांगायचं: मालक सापडला नाही. आणि पुन्हा कोणी बोट दाखवायला नको म्हणून यादीतलं पहिलं नावही पुसून टाकलं.

मांडवात एक मोठा टोप तेवढा उरला होता. वर एक 'य' दिसत होता, पुढचं झिजलेलं. रंजनाने 'य', टिंब, चांदणी टाइप केलं. कॉम्प्युटरने क्षणात उत्तर दिलं: मालक सापडला नाही. तेही न कोसळता!

"मंग आमीच ठेवतो," विठू म्हणाला.

"ठेवा की. कॉम्प्युटरनंच सांगितलंय," रंजना म्हणाली आणि ताठ मानेने घरी आली.

घरी आई चुलीमागे, माळ्यावर, गोठ्यात काहीतरी शोधत फिरत होती. "आपला मोठा टोप कुठं ठेवलास गो? बाच्या नावाचा?"

रंजनाच्या मानेतला ताठा हळूहळू उतरला. तिने विठूचं सांगितलं. यमाजीने रिकाम्या कणगीत वाकून पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"जा, घेऊन ये," तो म्हणाला. "आन आत कायतरी टाकल्याबिगर घेऊ नको. रातच्याला तांदूळ नाय."