मन्मथआप्पांचा एकच फटका

वडवणीत मन्मथआप्पांच्या दुकानातून भांडं घ्यायचं असेल, तर आधी नीट उभं राहता आलं पाहिजे. गिऱ्हाईक पातेलं मागतं आणि आप्पा त्याच्या पायांकडे बघतात. "असं उभं राहताव व्हय? फुंकर मारली तर पडताल!" मग स्वतः उठून पवित्रा दाखवतात. डावा पाय पुढं, गुडघा सैल. गिऱ्हाइकाचा गुडघा सैल झाल्याशिवाय पातेलं हातात पडत नाही.

आप्पा सत्तरीचे. लहानपणी एका वस्तादाकडं लाठीकाठी शिकले आणि त्यानंतर दुसऱ्या विषयावर फारसं बोललेच नाहीत. मी प्राथमिक शाळेतला मास्तर, त्यांचा शेजारी. सकाळी दात घासताना भिंतीपलीकडून काठीची घूं घूं ऐकू येते. एकदा त्यात आमची वाळत घातलेली चादर उभी फाटली. "वार मातर सरळ बसला," आप्पा म्हणाले.

मोबाईलवर मी जुन्या विद्येच्या उस्तादांना साध्या बॉक्सरकडून मार खाताना पाहिलं होतं. म्हणून मुद्दाम विचारलं, "आप्पा, खरी मारामारी झाली तर हे गरगर फिरवणं कामाला येतं का हो?"

वाटलं, चिडतील. पण ते शांतपणे म्हणाले, "न्हाई. फिरवणं मिरवणुकीपुरतं. खरं भांडण लई लहान असतंय, गुरुजी. तिथं पाय कामाला येतेत. त्यातबी मागं घ्यायचे."

मला हसू आलं. "कावून हसायलाव?" म्हणत ते घागर पुसू लागले.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी मी आप्पांच्या दुकानात बसलो असताना समोर गलका झाला. सुदाम नावाचा एक टेम्पोवाला दारूच्या तारेत टरबूजवाल्या बाईशी भांडत होता. बघता बघता त्यानं तिचीच सुरी उचलली. माणसं मागं सरली. आप्पा काठी घेऊन पायऱ्या उतरले.

वर ताडपत्र्यांच्या दोऱ्या. काठी फिरवायला जागाच नव्हती. आप्पांनी ती उचललीही नाही. बाईच्या पुढं उभं राहून म्हणाले, "दादा, सुरी ठिव. काय झालं ते मला सांग."

सुदाम अंगावर आला. आप्पा एक पाऊल मागं. तो पुन्हा आला. आप्पा आणखी एक पाऊल मागं. तिसऱ्यांदा मात्र ते बाजूला झाले आणि त्याच्या मनगटावर काठी बसली. सुरी टरबुजांत पडली. मी पायऱ्या उतरेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक आप्पांच्या पाठीवर थापा मारत होते. मीही मनातल्या मनात माझं हसू परत घेतलं. आप्पांचा चेहरा मात्र उतरला होता. "जरा जोरात बसला," ते म्हणाले आणि रिक्षा बोलावून सुदामला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले.

हाड मोडलं होतं. बीडला नेऊन सळई घालावी लागली. त्या आठवड्यात आप्पांचं दुकान रोज दुपारी बंद दिसायचं. एक दिवस कामानिमित्त बीडला गेलो, तेव्हा सहज दवाखान्यात डोकावलो. आप्पा खाटेवर बसून भाकरी वरणात कुस्करत होते. एक घास सुदामला, एक स्वतःला. सुदाम मान खाली घालून खात होता.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आप्पा, त्याचा डावा हात धड आहे की. खाईल तो."

"खाईल की," आप्पा डब्याचं झाकण लावत म्हणाले. "पर आमची मंडळी वारल्यापासून मला घरी एकट्याला घास जात न्हाई, गुरुजी. इथं दोघं बसलो की अख्खी भाकर जाती."

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उद्या घरी सोडायलेत म्हणं त्याला."