प्रवाळांची प्रकाशयोजना

टाकीवरचा दिवा गेला तेव्हा मोजेराव जेवत होते. हातातला घास तसाच ताटात ठेवून ते उठले, दिव्याचं बटण चार वेळा दाबलं, दिवा उलटा करून कानाजवळ हलवून पाहिला आणि परत येऊन बसले. बायकोने विचारलं, काय झालं. "उपासमार सुरू झाली," ते म्हणाले. तिने त्यांच्या ताटात आणखी वाढलं.

पण उपासमार मोजेरावांची नव्हती, प्रवाळांची होती. मोजेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते जमिनीची मोजणी करणाऱ्या एका ऑफिसात नकाशे काढायचे आणि दिसेल ती गोष्ट मोजायचे, म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना ते चिकटवलं होतं. घरी दिवाणखान्यात त्यांची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. तिच्यात दोन केशरी मासे होते, पण मासे नुसते सोबतीला. खरा जीव होता प्रवाळांवर. त्यातलं एक हिरवं, बोटं फुटल्यासारखं प्रवाळ एका मित्राने दिलं तेव्हा नखाएवढं होतं आणि चार वर्षांत ते मुठीएवढं झालं होतं. मोजेराव दर महिन्याला बाहेरून काचेला पट्टी लावून त्याची उंची वहीत लिहीत. पाहुणे आले की ते प्रवाळाबद्दल स्वतःहून एक अक्षर बोलत नसत, फक्त जिथून ते नीट दिसेल त्याच खुर्चीवर पाहुण्याला बसवत.

प्रवाळ दिसायला झाडासारखं, पण असतो तो प्राणी. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातून प्रवाळाचं पोट भरतं. म्हणजे टाकीवरचा दिवा हा दिवा नसतो, स्वयंपाकघर असतं. ते बंद पडलं होतं.

नवा दिवा घ्यायला बायकोची हरकत नव्हती. तिने एकच अट घातली. ज्या दिव्याखाली बसून साधं वर्तमानपत्र वाचता येत नाही, तो कपडे धुण्याच्या मशीनपेक्षा महाग असता कामा नये. मोजेरावांना या अटीत चूक काढता येईना. त्यांनी अकरा रकान्यांचा तक्ता केला. दिव्याची शक्ती, निळ्या उजेडाचं प्रमाण, पंख्याचा आवाज, सगळं भरलं. चांगले दिवे सगळे मशीनच्या वर निघाले. अटीत बसणारे जे होते, त्यांच्याखाली इंटरनेटवर लोकांनी आपापल्या मेलेल्या प्रवाळांचे फोटो टाकले होते. तक्ता सुबक होत गेला आणि टेबलावरच्या वाचायच्या दिव्याच्या उजेडात हिरवं प्रवाळ दिवसेंदिवस आक्रसत गेलं.

अशात मोजेरावांच्या सासूबाई आठ दिवसांसाठी राहायला आल्या.

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका नाट्यगृहात दिवे सांभाळले होते. तिथे त्यांना लहानथोर सगळे दिवेबाई म्हणत. राजवाडे, तुरुंग, वादळं, किती म्हणून त्यांनी उजळले आणि विझवले याला गणती नव्हती. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून त्यांना करमत नव्हतं. कुठेही गेल्या की त्या आधी छताकडे बघत आणि मग माणसांकडे. मुलीकडे आल्या आल्या त्यांनी टाकी पाहिली, वाचायचा दिवा पाहिला आणि अकरा रकान्यांचा तक्ता चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"जावईबापू, दिवा विकत कशाला घेता?" त्या म्हणाल्या. "घरात मी आहे ना."

प्रवाळांचा उजेड ही वेगळी गोष्ट असते, हे मोजेरावांना सांगायचं होतं. पण सासूबाईंचा चेहरा वर्षभरानंतर असा खुललेला पाहून बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला आणि ते म्हणाले, बरं होईल.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहातून एक जुना स्पॉट आला. घमेल्याएवढा दिवा, लोखंडी कान, आतला बल्ब दुधीभोपळ्यासारखा. दिवेबाईंनी शिडीवर जावयाला चढवलं आणि खालून काठीने दाखवत तो छताच्या हुकाला साखळीने टांगून घेतला. पुढे जिलेटिनचा निळा पारदर्शक कागद लावला, उजेड कमी-जास्त करणाऱ्या एका डिमरला वायर जोडली आणि खटका फिरवला. भिंती निळ्या झाल्या, मासे निळे झाले, बायको निळी झाली. हिरवं प्रवाळ असं काही पेटून उठलं की मोजेराव शिडीवरून उतरायचं विसरले. दिवेबाई म्हणाल्या की अजून त्यांनी अर्धाच सोडलाय, आणि पूर्ण सोडला.

तासाभरात पाण्यातल्या तापमापकाचा पारा चढला आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले. दिवेबाईंच्या मते रंगमंचावर नटांनाही घाम येतोच, त्याचं काही वाटून घ्यायचं नसतं. मोजेरावांनी टाकीवर टेबलफॅन लावला. पाणी थंड झालं, पण फॅनमुळे उडूही लागलं आणि उरलेलं जास्त खारट होऊ लागलं, म्हणून त्यांना दर दोन तासांनी गोडं पाणी मोजून घालावं लागलं. उडालेलं पाणी जाऊन बसलं बायकोच्या पुस्तकांवर. स्पॉट आणि फॅन चालू असताना कोणी इस्त्री लावली की सगळ्या घराचे दिवे जात, तेव्हा इस्त्री पहाटे व्हायला लागली. समोरच्या इमारतीतल्या औषधाच्या दुकानदाराने खिडकीतला निळा उजेड पाहून एकदा मोजेरावांना जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं की तुमच्याकडे त्वचेचे उपचार सुरू केलेत का, त्याच्या मेहुणीला हवे होते.

हे सगळं मोजेरावांनी सोसलं असतं. पण चौथ्या दिवशी हिरवं प्रवाळ मिटलं. पाचव्या दिवशी त्याची टोकं पांढरी पडली. आधी उपाशी ठेवून मग एकदम पंक्तीला बसवल्यासारखं झालं होतं. आतलं शेवाळच ते टाकून देत होतं. मोजेरावांचा जीव टांगणीला लागला. पण सासूबाईंना सांगायचं कसं? वर्षभराने त्यांच्या अंगात आलेलं बळ जावयाने काढून घ्यायचं, हे त्यांच्या जिवावर येत होतं. सकाळी सगळे उठायच्या आत ते स्टुलावर चढले आणि साखळी दोन कड्यांनी वर घेतली.

नाश्त्याच्या वेळी दिवेबाईंनी वर पाहिलं. साखळीच्या कड्या मोजल्या. मोजेराव ऑफिसातून आले तेव्हा दिवा दोन कड्या खाली होता. दुसऱ्या सकाळी त्यांनी तो तीन कड्या वर घेतला, संध्याकाळी तो तीन कड्या खाली आला. असं तीन दिवस चाललं. दोघंही एकमेकांशी नेहमीपेक्षा जास्त अदबीने बोलत होते. मोजेराव त्यांना चहा पुढे करत, त्या आधी तुम्ही घ्या म्हणत. शेवटी बायकोनेच तोंड उघडलं. "आई, याला तुला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली आणि टॉवेल घेऊन सरळ आंघोळीला निघून गेली.

मोजेराव टाकीसमोर उभे राहिले. पांढरी पडलेली टोकं त्यांनी बोटाने दाखवली.

"आई, दिवा फार सुंदर झालाय," ते म्हणाले. "पण ही बघत नाहीत. ही खातात."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवाळ, उपासमार, अजीर्ण, निळा उजेड किती लागतो, पिवळा किती कमी लागतो, भूक हळूहळू कशी वाढवावी लागते. वहीतली चार वर्षांची मापं दाखवली. आता या उठून बॅग भरायला घेतील, असं त्यांना वाटत होतं. दिवेबाई काचेला नाक लावून बराच वेळ त्या प्रवाळाकडे बघत राहिल्या.

"एकतीस वर्षं मी दिसण्यासाठी उजेड केला," त्या म्हणाल्या. "कोणाला जेवायला घालण्यासाठी पहिल्यांदाच करतेय. आधी नाही का सांगायचं?"

त्यांनी स्वतः उठून खटका फिरवला आणि स्पॉट विझवला. मग वही मागून घेतली आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. समुद्रात ऊन कुठून येतं? दुपारी किती वेळ डोक्यावर असतं? लाटांमुळे उजेड हलतो का? ही जेवतात किती वाजता? मोजेरावांना आयुष्यात इतके चांगले प्रश्न कोणी विचारले नव्हते. त्यांचा तक्ता, जो घरात कोणी दोन रकान्यांपुढे ऐकून घेत नसे, तो दिवेबाईंनी तोंडपाठ केला.

नाट्यगृहाच्या अडगळीत छोटे एलईडी दिवे पडून होते. नवे आल्यावर बाजूला टाकलेले, निळे आणि पांढरे, वाटीएवढे, न तापणारे. ते अगदी थोड्या पैशांत मिळाले. बायकोला खर्च सांगितल्यावर तिने परत एकदा विचारून घेतला. मोजेरावांनी पट्टी लावून टाकीच्या तळाचा नकाशा काढला, कोणतं प्रवाळ कुठे आणि किती खोल ते मांडलं. त्या नकाशावर दिवेबाईंनी सहा दिवे लावले. उजेड पाहायला त्या हाताची बोटं पसरून पाण्यावर धरत आणि वाळूवर पडलेल्या सावलीच्या कडा बघत. कड फार धारदार वाटली की म्हणत, "हा अंगावर येतोय," आणि दिवा बोटभर सरकवत.

पण हे दिवे चालायचे हाताच्या डिमरवर. एकदम लावून एकदम विझवणं आता दोघांनाही पाप वाटू लागलं होतं. म्हणून सकाळी कोणीतरी डिमरपाशी बसून सूर्य उगववायचा आणि संध्याकाळी कोणीतरी बसून मावळवायचा, असं ठरलं. एकेका वेळेला पाऊण तास. सकाळ दिवेबाईंनी घेतली, संध्याकाळ मोजेरावांनी. दिवेबाईंचे आठ दिवस कधीच उलटून गेले होते, पण त्या गेल्यावर सूर्य कोण उगववणार, या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नव्हतं. ऑफिसात एका लांबलेल्या बैठकीतून मोजेराव उठले आणि साहेबांनी कारण विचारलं. मोजेरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. "घरी सूर्यास्त करायचाय, सर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मोजेरावांना थोडी रजा घेण्याचा सल्ला दिला.

महिन्याने हिरव्या प्रवाळाची पांढरी टोकं भरून आली. दोन महिन्यांनी पट्टी लावली तेव्हा ते आधीपेक्षा उंच होतं. मोजेरावांनी तो आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली आणि वही सासूबाईंपुढे सहीसाठी धरली.

प्रवाळ पाळणाऱ्यांचं एक छोटं मंडळ होतं. ते आळीपाळीने एकेकाकडे जमे. पुढच्या रविवारी पाळी मोजेरावांकडे आली. सात-आठ जण आले. मंडळाचे सचिव एक दंतवैद्य होते. त्यांच्या टाकीवर बाजारातला सगळ्यात महाग दिवा होता आणि उजेड मोजायचं यंत्र ते मखमली पेटीत घालून सगळीकडे नेत. वाटीएवढ्या सहा जुन्या दिव्यांकडे पाहून त्यांनी आधी मोजेरावांच्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला. मग बाह्या सरसावून यंत्राचा डोळा पाण्यात बुडवला. एका कोपऱ्यात मोजलं, दुसऱ्या कोपऱ्यात मोजलं, हिरव्या प्रवाळाच्या डोक्यावर मोजलं. यंत्राची बॅटरी काढून परत घातली आणि पुन्हा मोजलं. जिथे जेवढा हवा तिथे तेवढा उजेड होता, ना कणभर जास्त ना कणभर कमी. त्यांच्या स्वतःच्या टाकीत, ते खालच्या आवाजात म्हणाले, मधोमध रणरणतं ऊन आणि कडेला अंधार आहे. त्यांनी विचारलं, हा दिवा कोणत्या कंपनीचा.

मोजेराव स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन येत होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. दिवेबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

"कंपनीचा नाही," त्या म्हणाल्या. "ती दुसऱ्या अंकातली पहाट आहे. पूर्वी तिच्यात नायक परत यायचा."

मग मंडळातलं कोणी मोजेरावांपाशी थांबलं नाही. सगळे दिवेबाईंभोवती गोळा झाले. त्यांनी बोटांची सावली करून दाखवली, सात-आठ मोठी माणसं आपापले हात पाण्यावर पसरून रांगेत उभी राहिली, आणि दिवेबाई एकेकाचं मनगट धरून ते सरळ करत गेल्या. त्यांनी कोणाची टाकी बघायला कोणत्या वारी यायचं ते ठरायला लागलं. मोजेरावांची चार वर्षांची वही टेबलावर मुद्दाम उघडी ठेवली होती, तिच्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही. ते भिंतीला टेकून बघत राहिले आणि बायकोने विचारल्यावर म्हणाले की डोळ्यात काही गेलेलं नाही.

निघताना दंतवैद्य यंत्र पेटीत ठेवून त्यांच्यापाशी आले. सगळे आकडे त्यांनी एका कागदावर लिहून घेतले होते. खाली नाव लिहायला त्यांनी पेन काढलं.

"प्रकाशयोजना बाईंची, ते कळलं," ते म्हणाले. "तुम्ही यात नेमकं काय केलंत?"

नकाशा त्यांचा होता, मापं त्यांची होती, साठ संध्याकाळचे सूर्यास्तही त्यांचे होते. मोजेरावांनी हातातला ट्रे खाली ठेवला, शर्ट नीट केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मी यांचा जावई."

दंतवैद्यांनी ते आकड्यांच्या खाली लिहून घेतलं.