तेरा नंबरचा खोकला

आमच्या शेजारचे गणूनाना नळालासुद्धा गाऱ्हाणं घालायचे. सकाळी पाणी यायला उशीर झाला की कळशी बाजूला ठेवून नळासमोर हात जोडून उभे. "बा देवा म्हाराजा, जां काय अडाकला असात तां मोकळा कर रे म्हाराजा!" मागे रांगेतल्या बायकांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं की मगच कळशी नळाखाली जायची.

गावाकडे देवळात सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालतात, ते नानांनी लालबागच्या चाळीत आणून कशालाही लावलं. जिन्यातला दिवा गेला, गाऱ्हाणं. सिलिंडर आला नाही, गाऱ्हाणं. एकदा क्रिकेटच्या मॅचआधी घातलं आणि आपण हरलो. नाना शांतपणे म्हणाले, "पाच नंबरान होकार देवक नाय. होकार पडलो नाय तर गाऱ्हाणा वळचणीक लटाकता." पाच नंबरच्या खोलीतले महिनाभर मान खाली घालून जात होते.

नाना गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी गेली, मग बायको गेली. मुलगा अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये. "जवळच असा," नाना सांगायचे. जवळ असल्यामुळेच बहुधा त्याचं यायचं राहून जायचं. नाना तेरा नंबरात एकटे, आणि भिंतीपलीकडे चौदा नंबरात मी आणि माझी अंथरुणाला खिळलेली आई.

ती साथ आली ती नेमकी मार्चमध्ये. मार्च म्हणजे आमच्याकडे मसाल्याचा महिना. खालच्या गल्लीत डंक्यांच्या मुसळांखाली मिरच्या कुटल्या जाऊ लागल्या की आख्खी चाळ शिंकते, खोकते, डोळे पुसते. वर्षानुवर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या वर्षी मात्र कुठली शिंक मिरचीची आणि कुठली रोगाची, कुणालाच कळेना. दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी प्यायला सांगत, तिसऱ्यावर थंड. कुणी म्हणे विमानातून औषध फवारणार, गच्चीवरचे पापड काढा. कुणी म्हणे मिरची नाकात गेली की रोग मरतो. ते ऐकून चार जण डंक्यापाशी श्वास घ्यायला जाऊन उभे राहिले आणि इतके खोकले की पोलिसांनी त्यांनाच हाकललं. मी खातेपुस्तकात डोकं घालणारा माणूस, मी सगळंच करून बघत होतो. खिशात कापूर, पोटात काढा, आणि तरी रात्रंदिवस छातीत धडधड.

नानांनी संध्याकाळी सातचं गाऱ्हाणं सुरू केलं. गॅलरीच्या कठड्याला धरून ते खणखणीत आवाज लावत. "ही जी काय नवीन बला इली हा, तिचा नाव माका उच्चारूक जमना नाय, तुका म्हायत असातच म्हाराजा, तिका इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!" मग एक नंबरपासून एकेका खोलीचं नाव. माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी राहून होकार द्यायची. त्या पंधरा मिनिटांत तरी आपण नक्की काय करतोय ते आम्हाला कळत असे.

बारानंतर नाना थेट चौदा घ्यायचे. मी एकदा विचारलं, "नाना, तेरा?"

"घालणाऱ्यान सोतासाठी मागाचा नसता. तां दुसऱ्यान मागाचा."

दुसऱ्या कुणाला ते सुचलं नाही. मलाही नाही.

मग सगळंच बंद झालं, डंकेही. आणि चारच दिवसांत मला खोकला लागला. त्याआधी लागला असता तर मसाल्यावर खपला असता. आता हवा स्वच्छ होती आणि माझा खोकला उघडा पडला. तोंडात उशी धरून खोकायचो. आई नुसती बघत राहायची. मला नेलं तर तिला पाणी कोण पाजणार, हा एकच विचार. आजही मी त्याच विचाराच्या आड लपतो.

नऊ नंबरच्या सावंतवहिनी चार हातांवर उभ्या राहून विचारायला आल्या. "भाऊ, या टोकाकडून खोकला ऐकू येतो. तुमच्याकडून?"

मी म्हणालो, "नाही हो. तेरातून येतो."

इतकंच. दोनच वाक्यं. घाईतसुद्धा किती स्वच्छ बोललो!

वहिनींनी तिथूनच हाक मारली, "नाना, खोकताय काय हो तुम्ही?"

नाना बाहेर गॅलरीत आले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत, आईच्या खाटेकडे. म्हणाले, "ह्या वयात खोकाचा नाय तर काय बासरी वाजवूची?"

वहिनींना कबुली मिळाली. त्या संध्याकाळी नानांनी सगळ्यांची नावं घेतली, पण उंबरे रिकामे होते. होकार बंद दारांमागून आले, तेही दोन-तीन. तिसऱ्या दिवशी त्यांना न्यायला पालिकेची गाडी आली. नाना पिशवी घेऊन निघाले, कुलूप लावलं आणि माझ्या दारापाशी थांबले.

"आयेक गरम पाणी दी. तू पण घे. मसालो घशात रवता."

डंके बंद होऊन आठवडा झाला होता.

चौदा दिवसांनी ते परतले. तपासणीत काहीही निघालं नव्हतं. माझा खोकलाही तोवर आपोआप गेला होता. पण चाळीचं ठरेना. नाही म्हणतात, पण लांबच बरं. त्यांच्या दुधाची पिशवी जिन्यातच राहायची. नानांनी दार लावून घेतलं. सात वाजायचे, गॅलरी गप्प. मी रोज सातला घड्याळ बघायचो आणि पाण्याचा ग्लास उगाच विसळायचो.

नवव्या दिवशी आई म्हणाली, "नाना घालत नाय तर तू घाल."

मी कधी चारचौघांत मोठ्याने बोललेलो नाही. कठडा धरला. "बा देवा महाराजा," म्हटलं, तर ते अर्जाच्या सुरुवातीसारखं वाटलं. तरी एकपासून सुरू केलं. दारं किलकिली झाली, सावंतवहिनी डाव घेऊनच बाहेर आल्या. होकार कुणी देईना. काय चाललंय तेच त्यांना कळत नव्हतं. दहा. अकरा. बारा.

"तेरा नंबरात," मी म्हणालो, "खोकला कधीच नव्हता महाराजा. तो चौदात होता. माझा होता. मी खोटं बोललो. नानांना सांभाळ रे महाराजा."

खाली कुत्रं भुंकून थांबलं. माझं गाऱ्हाणं वळचणीला लटकलेलं मला जणू दिसत होतं.

तेरा नंबरची कडी वाजली. दार उघडलं नाही, पण आतून आवाज आला, बसलेला, तरी पुरेसा.

"व्हय म्हाराजा!"

मी कठडा सोडून त्या दाराकडे वळलो. नाना आतूनच खेकसले,

"पंधरा नंबर रवलो मरे. घे फुडे."